विम्याची भाषा आणि कामगाराचा हक्क

नाशिकजवळच्या आनंदवल्लीचे नाव निघाले की आपल्या जिल्ह्यातील माणसाला 'ध' चा 'मा' आठवतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा पत्रातील 'धरावे' या शब्दाचे कोणी तरी 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा वाद विद्वानांनी घालावा. लोकांनी मात्र ती अडीचशे वर्षे जपून ठेवली आहे. कागदावरचे एक अक्षर फिरले की माणसाचे नशीब फिरते, हे लोकांना अनुभवाने पटलेले आहे. आम्ही आज जे सांगणार आहोत ते पेशव्यांइतके मोठे नाही. ते एका कामगाराच्या बोटाएवढे आहे. पण जात तीच आहे.

ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ते न्यायमूर्ती रानडे १८४२ साली आपल्या निफाडात जन्मले. तेव्हा या गावात व्याख्यानाला उभे राहताना आमच्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाची छाती थोडी दडपते. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. संघटनेचे काम करताना इंग्रजी कागद मराठीत आणण्याचे काम अंगावर पडले, आणि त्यातूनच आरोग्यविम्याच्या शब्दांचे वेड लागले. त्यात आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी ते कळेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही कामगारांसाठी एक माहितीपत्रक काढले. कामगार विमा योजनेत, म्हणजे ज्याला सगळे 'ई. एस. आय.' म्हणतात तीत, काय काय मिळते ते त्यात लिहिले होते. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत जी रक्कम मिळते, तिला आम्ही 'तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ' असे नाव दिले. शब्दकोशात तसेच होते. पुढे एका कारखान्यात नव्याने लागलेल्या पोराचे बोट प्रेसमध्ये सापडले. कामाला लागून त्याला पुरते वीस दिवसही झाले नव्हते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्याने सांगितले, 'घरी पाटा पडला.' आम्ही कारण विचारले तर म्हणाला, 'भाऊ, तुमच्याच कागदावर अपंग लिहिलं होतं. एकदा अपंग म्हणून नाव लागलं तर उद्या कामावर कोण ठेवील? आणि लग्न कोण लावून देईल?'

आता यात त्याचे काय गेले ते पाहा. त्याचा रोज ५०० रुपये होता. कामावरची इजा म्हटली असती तर रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के, म्हणजे ४५० रुपये मिळाले असते, आणि त्यासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी इजा झाली तरी हक्क उभा राहतो. घरची दुखापत म्हटल्यावर तो साध्या आजारपणाच्या सदरात गेला. तेथे ७० टक्के मिळतात, पण त्याआधी सहा महिन्यांच्या ठराविक मुदतीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ती त्याच्यापाशी कोठून असणार? बोट बरे व्हायला सहा आठवडे लागले. बेचाळीस दिवसांचे १८,९०० रुपये एका शब्दापायी बुडाले. पुढे दुरुस्तीची खटपट केली. पण पहिल्या कागदावर त्याच्याच तोंडचे जे उतरले होते ते पुसता आले नाही. कोणा साहेबाने त्याला फसविले नव्हते. आमच्या भाषांतराने त्याला घाबरविले होते.

आज आम्ही त्या जागी 'कामावरच्या इजेची भरपाई, कामावर परत जाईपर्यंत' असे लिहितो. शब्द लांब झाला, पण पोरे खरे बोलू लागली.

मूळ योजनेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९४३ साली सरकारने प्राध्यापक बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास सांगितले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्यावरून १९४८ चा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला, आणि १९५४ साली ती मुंबईत व नागपुरात आली. त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. विम्याची चौकट मात्र तीच चालत आली आहे. २०१९ साली ठरलेल्या दराने मजुरीच्या पाऊण टक्का कामगार भरतो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे सुमारे ११३ रुपये आणि मालकाचे सुमारे ४८८ रुपये, असा महिन्याचा हिशेब होतो.

आता नावापासूनच सुरुवात करू. इंग्रजी नावात 'स्टेट' असा शब्द आहे. त्याचा अर्थ तेथे शासनसंस्था, म्हणजे खाजगी नव्हे तर सरकारने चालविलेला विमा. मराठीत त्याचे 'राज्य' झाले आणि 'राज्य' म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिसतो. त्यामुळे कामगार गोंधळतो: विमा राज्याचा, मग महामंडळ केंद्राचे कसे? त्यात भर अशी की आपल्याकडे दवाखान्यांची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर राज्य शासन पाहते आणि रोख रक्कम महामंडळ देते. औषधाची तक्रार एकीकडे आणि पैशाची दुसरीकडे न्यावी लागते. नावातल्या एका शब्दाने माणूस चुकीच्या खिडकीपुढे उभा राहतो, आणि त्याचा एक रोज बुडतो.

दुसरा शब्द 'विमा' हाच घ्या. तो फारसीतून आला. फारसीत 'बीम' म्हणजे भीती. ज्या गोष्टीची भीती आहे तिची जोखीम दुसऱ्याने पत्करायची, असा त्यातला व्यवहार आहे. हा शब्द परका असूनही आपण इतका पचविला की 'विमा उतरविणे' असा खास मराठी वाक्प्रचार झाला. तेव्हा परका शब्द वाईट आणि संस्कृत शब्द चांगला, असा सरसकट नियम करता येत नाही. लासलगावच्या बाजार समितीतील माथाडीला 'लेव्ही' म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो शब्द त्याच्या घरात आणला आणि तो तेथे राहिला. त्याला 'आकारणी' म्हणायला लावले तर तो विचारील, 'ही आणखी कसली नवी कपात?'

तिसरा शब्द आहे वर्गणी. सरकारी कागदात तिला 'अंशदान' म्हणतात. आम्हाला या शब्दातील 'दान' फार खटकते. दान देणारा मोठा आणि घेणारा लहान, असा आपला संस्कार आहे. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे हे दान नव्हे आणि मालकाने भरलेला हिस्सा हाही दान नव्हे. तो कायद्याने लागू झालेला भरणा आहे. 'वर्गणी' हा शब्द सोपा, पण त्यालाही दोष आहे. गणपतीची वर्गणी द्यावी किंवा न द्यावी, हे आपल्या मनावर असते. एका कामगाराने आम्हाला खरोखरच विचारले होते, 'मी वर्गणी बंद करू म्हणतो, चालेल ना?' म्हणून आम्ही आता 'विम्याचा हिस्सा' म्हणतो: 'तुमचा हिस्सा' आणि 'मालकाचा हिस्सा'. हिस्सा म्हटला की हक्कही आपोआप मनात येतो. शेताचा हिस्सा कोण सोडतो?

त्याच कुळातला 'हितलाभ' हा शब्द हिंदीतून मराठी कागदांत शिरला. त्यावर आमचा आक्षेप एवढाच की लाभ घेणारा 'लाभार्थी' होतो, आणि लाभार्थी म्हणजे रांगेत उभा राहून हात पुढे करणारा, असे चित्र डोळ्यांपुढे येते. विमेदाराने आधी पैसे भरलेले असतात. तो मागत नाही, वसूल करतो.

चौथा शब्द 'हंगामी'. या शब्दाने आपल्या तालुक्यात पुष्कळ घोटाळा केला आहे. मराठीत हंगामी म्हणजे मोसमापुरता आणि हंगामी म्हणजे तात्पुरताही. ऊस गाळणारा कारखाना हंगामी, आणि विधानसभेचा काही दिवसांचा अध्यक्षही हंगामी! विम्याच्या कायद्यात सूट आहे ती मोसमी कारखान्याला. म्हणजे साखर, गूळ, कापसाची सरकी काढणे, भुईमूग फोडणे अशा ठराविक कामांतच गुंतलेल्या कारखान्याला. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात जो माणूस ठेक्यावर किंवा तीन महिन्यांसाठी लागला आहे, त्याला ही सूट लागू नाही. पगार मर्यादेत असेल, म्हणजे २०१७ साली ठरलेल्या २१,००० रुपयांच्या आत असेल, तर त्याचाही विमा उतरलाच पाहिजे. परंतु 'तू हंगामी आहेस, तुला विमा नाही' असे वाक्य आम्ही फाटकाफाटकावर ऐकले आहे. म्हणणाऱ्याच्या मनात कपट असेलच असे नाही. शब्दच दोन तोंडांचा आहे. म्हणून 'मोसमी कारखाना' आणि 'तात्पुरता कामगार' असे दोन वेगळे शब्द वापरावेत आणि 'हंगामी' विम्यापुरता बाजूला ठेवावा.

ही अडचण आपल्याच भाषेची आहे असे समजू नये. स्पॅनिश भाषेत आरोग्यविम्याचे जे शब्द आहेत ते इंग्रजीत आणताना लोकांची अशीच त्रेधा उडते. स्पॅनिशमध्ये विम्याच्या हप्त्याला 'प्रीमा' म्हणतात, आणि चुलत किंवा मामेबहिणीलाही 'प्रीमा'च म्हणतात. हे हसण्यावारी नेता येईल. परंतु 'आल्ता' हा शब्द पाहा. रुग्णालयातून रोग्याला घरी सोडले की 'आल्ता' दिला म्हणतात, आणि कामगाराचे नाव विम्याच्या दप्तरात दाखल केले तरीही 'आल्ता'च! एकात सुटका, दुसऱ्यात प्रवेश. उलट 'बाखा' म्हणजे आजारपणाची रजा, आणि नाव कमी करणे हेही 'बाखा'. संदर्भ न पाहता भाषांतर करणारा रजेवरच्या माणसाला कामावरून काढून टाकील.

आर्जेंटिनातील एक शब्द आम्हा संघटनेच्या माणसांना विशेष जवळचा आहे. तेथे 'ओब्रा सोसियाल' नावाच्या संस्था आहेत. शब्दशः इंग्रजी केले तर 'समाजकार्य' होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की ही एखादी धर्मादाय संस्था असावी. प्रत्यक्षात त्या बहुतांशी कामगार संघटनांनी चालविलेल्या आरोग्यविम्याच्या संस्था आहेत. १९७० च्या कायद्याने त्यांना सर्वत्र पक्की बैठक मिळाली. कामगाराचा हक्क भाषांतरात धर्मादाय कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आपले 'अंशदान' त्याचेच भावंड आहे.

आणि चूक किती महाग पडते याचा दाखला अमेरिकेतला आहे. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेले. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितले की हा 'इन्तोक्सिकादो' आहे. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यातून काही बाधले आहे. ऐकणाऱ्याने इंग्रजी शब्दाशी साम्य पाहून नशापाण्याचा अर्थ घेतला. खरे दुखणे मेंदूतील रक्तस्रावाचे होते. ते वेळेवर ओळखले गेले नाही आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे गेले. पुढे त्याला आयुष्यभराच्या शुश्रूषेसाठी कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरली. २०१० च्या आरोग्यकायद्यानंतर तेथे रुग्णालयांना व विमा कंपन्यांना परभाषकांसाठी दुभाषाची सोय करण्याची जबाबदारी कायद्यानेच उचलावी लागते.

आता खाजगी आरोग्यविम्याकडे वळू. कारण या सभागृहात दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, द्राक्षबागाईतदार आहेत, आणि त्यांच्या घरी एखादी पॉलिसी असतेच. त्या कागदातील चार शब्द नीट ओळखून ठेवावेत.

पहिला, 'डिडक्टिबल'. मराठीत त्याला 'वजावट' म्हणतात आणि तेथेच घात होतो. प्राप्तिकरात वजावट मिळाली की आपण खूश होतो, कारण ती आपल्या फायद्याची असते. विम्यातली वजावट म्हणजे कंपनीने एक पैसा देण्याआधी आपण खिशातून सोसायची रक्कम. तिला 'आधी आपण भरायचे' असेच सरळ म्हणावे.

दुसरा, 'को-पेमेंट'. खर्च मान्य झाला तरी त्यातील ठराविक टक्के आपले. याला 'आपला वाटा' म्हणावे.

तिसरा, खोलीभाड्याची मर्यादा. येथे एक कल्पित हिशेब मांडतो. तीन लाखांचा विमा आहे, खोलीची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे, आणि आपला वाटा दहा टक्के आहे. रोगी पाच दिवस ४,००० रुपयांच्या खोलीत राहिला. बिल लाखाचे झाले: खोली २०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रिया ६०,०००, औषधे २०,०००. घरच्यांना वाटते, खोलीचे पाच हजार आणि वर दहा टक्के एवढेच आपल्याला पडेल. परंतु खोली महाग घेतली की डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते. तीन भागिले चार. म्हणून खोलीचे १५,०००, डॉक्टरचे ४५,००० आणि औषधांचे पुरते २०,००० मिळून ८०,००० मान्य होतात. त्यातून आपला वाटा ८,००० गेला. कंपनीने ७२,००० दिले, आपण २८,००० भरले. एक हजाराच्या चांगल्या खोलीने केवढे पोट पसरले पाहा! ही अट कागदात 'प्रमाणशीर वजावट' अशा दोन शब्दांत बसलेली असते.

चौथा शब्द सर्वांत घातक. विमा घेण्यापूर्वीपासून असलेला आजार. याचे भाषांतर एजंट तोंडी करतो ते असे: 'काका, काही जुनाट आजार आहे का?' आता ज्याला गेल्या दिवाळीत रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तो त्याला जुनाट म्हणेल काय? तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे विमा घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेले दुखणे या व्याख्येत येते, मग ते महिनाभराचे का असेना. असा आजार सांगितला तर कंपनी त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते; त्यानंतर तो विम्यात येतो. न सांगितला तर माहिती लपविली असा ठपका येऊन दावाच नामंजूर होऊ शकतो. पाच वर्षे विमा अखंड चालू राहिला, तर पुढे असा आक्षेप घेता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'जुनाट' हा शब्द कानावर आला की आपण उलट विचारावे, 'गेल्या तीन वर्षांत कोणत्या गोळ्या घेतल्या, असे विचारता काय?'

चांगले शब्द घडतच नाहीत असे मात्र नाही. २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव धारण केलेल्या जनआरोग्य योजनेत, रुग्णालयाच्या दारात मदतीला बसणाऱ्या माणसाला 'आरोग्यमित्र' म्हणतात. खेड्यातली म्हातारीसुद्धा 'मित्र कोठे बसतो?' असे विचारीत तेथे पोचते. त्याच योजनेत सामील रुग्णालयाला मात्र 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात, आणि तीच म्हातारी 'योजनेतला दवाखाना' म्हणते. दोन्ही शब्द एकाच दप्तरातून निघाले. पहिला माणसाकडे पाहून केला, दुसरा कोश पाहून केला.

शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ साली शासनशब्दांचा कोश काढविला, आणि महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. एवढी थोर परंपरा आपल्यामागे आहे. तिचा आम्हाला अभिमान आहे. त्यात आमच्यासारख्याने भर घालायची ती एवढीच. विम्याचा शब्द केला की तो छापण्याआधी तीन माणसांना ऐकवावा: ज्याला त्याचे पैसे मिळायचे आहेत त्याला, जो खिडकीवर बसून कागद घेतो त्याला, आणि ज्याला अक्षर येत नाही अशा एखाद्या मावशीला. पहिला घाबरू नये, दुसऱ्याला मूळ कलम ओळखू यावे, आणि तिसरीला आपण काय मागायचे ते कळावे. तिघांपैकी एक जरी अडला तरी शब्द परत भट्टीत घालावा.

आणि श्रोत्यांनी करायचे ते असे. पॉलिसीबरोबर माहितीचे एक छोटे पत्रक देण्याचा नियम आहे. १ जानेवारी २०२४ पासून त्याचे सुधारित रूप लागू झाले असून ग्राहकाने मागितल्यास ते त्याच्या भाषेत द्यावे लागते. ते मराठीत मागा. पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करायला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलीकडून ती मोठ्याने वाचून घ्या. 'दावा' या शब्दाला भिऊ नका. तो कोर्टातला दावा नव्हे, ती आपल्या पैशाची लेखी मागणी आहे. कंपनीने अन्याय केला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. तेथे फी पडत नाही.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक कलम होते: कामावर इजा झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पुरता पगार मिळावा, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटाची तजवीज व्हावी. तेव्हा कायदा नव्हता, महामंडळ नव्हते, परिभाषा तर नव्हतीच. पण मागणे इतके स्वच्छ होते की ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागला नाही.

त्या पोराचे बोट आता बरे आहे; टोकाला जरा वाकडे राहिले एवढेच. आजही फाटकावर भेटला की ते बोट वर करून आम्हाला हसत रामराम करतो. आम्ही रामराम घेतो, आणि संध्याकाळी कचेरीत गेल्यावर नवे पत्रक आणखी एकदा वाचून पाहतो.